जागर नाही हो, यागर! (६८ नंबरच्या पैलवानाची गोष्ट)

कांदेपोहे_प्रागवाला

मंडळी, इथे क्रिकेटचे पंधरा धागे कायम वर असतात, त्यात हा एक आइस हॉकीचा टाकतोय, सांभाळून घ्या. मी सात वर्षं प्रागमध्ये आहे. इथे येईपर्यंत माझ्यासाठी हॉकी म्हणजे ध्यानचंद आणि आपला खडकीचा धनराज, विषय संपला. ऑफिसात पहिल्याच महिन्यात एकाने विचारलं तुझा आवडता हॉकी प्लेयर कोण, मी छाती फुगवून धनराज पिल्लै म्हणालो, त्याने गंभीरपणे मान डोलावली आणि नंतर कळलं की त्याला वाटलं हा कुठल्यातरी स्लोव्हाक क्लबचा गोली (गोलकीपर) असणार.

तर त्याच माणसाने मला एका शनिवारी क्लाद्नोला नेलं. प्रागपासून पंचवीसेक किलोमीटर, बसने जाता येतं. कोळसा आणि पोलाद यावर वाढलेलं गाव, आता कारखान्यांची रया गेलेली. स्टेडियम छोटं, आत शिरलं की बिअर आणि भाजलेल्या सॉसेजचा वास आणि त्याखाली बर्फाचा तो फ्रीज उघडल्यासारखा गारवा. आणि बर्फावर विशीतल्या पोरांमध्ये एक पन्नाशी ओलांडलेला बाप्या. दाढी पांढरी, स्पीड जेमतेम, पाठीवर ६८. मी म्हटलं हा कोण, अंपायर का? मित्राने असं बघितलं जसं वानखेडेवर सचिनकडे बोट दाखवून हा ग्राउंड्समन का विचारलं असतं तर तुम्ही बघाल.

पण मग त्याच्याकडे पक आला (पक म्हणजे बॉलच्या जागी असते ती रबराची काळी चकती). त्याने कडेच्या फळीला पाठ... म्हणजे समोरच्या पोराला पाठ दाखवली, गुडघे वाकवले, बूड मागे काढलं आणि पक पुढे एका हाताच्या अंतरावर धरून नुसता उभा राहिला. पोरगं ढकलतंय, काठी घालतंय, डावीकडून येतंय उजवीकडून येतंय. हा हलेना. कुस्तीत खाली बसलेल्या पैलवानाला कमरेतून उचलायचा प्रयत्न करावा आणि तो जमिनीला चिकटल्यासारखा राहावा तसं. दहा सेकंद तरी गेली असतील, मग त्याने न बघताच पक सोडला तो बरोबर मधल्या खेळाडूच्या काठीवर. तेव्हापासून मला नाद लागला, जे जे मिळेल ते वाचत गेलो.

यारोमीर यागर. स्पेलिंग इंग्रजी जे वरून सुरू होतं, मी पहिले दोन महिने जागर म्हणायचो, देवीचा असतो तसा. चेकमध्ये जे चा उच्चार य.

जन्म १५ फेब्रुवारी १९७२, क्लाद्नोतच. घरची शेती. आणि ही शेती म्हणजेच सगळ्या गोष्टीचं मूळ आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. १९४८ ला चेकोस्लोव्हाकियात कम्युनिस्ट सत्तेवर आले आणि गावोगावच्या शेतकऱ्यांना जमिनी सामुदायिक शेतीत घाला म्हणून सांगितलं. सांगितलं म्हणजे काय ते आलंच लक्षात. याच्या आजोबांनी नाही म्हटलं. तुरुंगात घातलं. आजोबा वारले १९६८ ला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले. नातू झाला त्यानंतर चार वर्षांनी, आजोबांना त्याने पाहिलेलंच नाही, सगळं ऐकलं ते घरात आजीकडून. शाळेत वेगळाच इतिहास शिकवत होते. तर पाठीवरचा ६८ हा त्याचा. लकी नंबर वगैरे काही नाही, घरातलं एक मरण आणि देशावरची एक चढाई एकाच आकड्यात.

बाकी पोरं शाळेच्या वहीत खेळाडूंचे फोटो ठेवायची, हा प्रगतिपुस्तकात रोनाल्ड रेगनचा फोटो ठेवायचा. १९८० च्या दशकात, कम्युनिस्ट देशात, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाचा! मास्तरांनी काढायला लावला की हा परत ठेवायचा.

तीन वर्षांचा असताना स्केट्स पायात. वडील मागे लागून त्याला मोठ्या वयाच्या पोरांच्या टीममध्येही खेळवायचे. आणि आता तालीमवाल्यांनी लक्ष द्या: हा पोरगा रोज हजार बैठका मारायचा. रोज. हजार. जिम नाही, मशिन नाही, घरच्या घरी. वर शेतातली कामं वेगळीच. मांड्या बघितल्यात का त्याच्या, जोड्याने दोन उखळं ठेवल्यासारख्या आहेत.

सोळाव्या वर्षी क्लाद्नोच्या मुख्य टीममध्ये, म्हणजे देशातल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये बाप्यांबरोबर. सतराव्या वर्षी देशाच्या टीममध्ये. पुढचं प्रतिसादात लिहितो, पोरीला क्लासला सोडायचंय.

---

सातारी_तुकडा

रोज हजार बैठका म्हणजे आमच्या तालमीतले वस्ताद खूश झाले असते. एकच शंका, बर्फावर घसरायचं तर बैठकांचा काय संबंध? धावायला पाहिजे ना जास्त.

---

चष्मिष्ट

छान लिहिलंय. पण आमच्यासारख्यांना खेळच कळत नाही हो, किती जण असतात, किती वेळ, पॉइंट म्हणजे काय. थोडं बेसिक पण टाका. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

कांदेपोहे_प्रागवाला

@सातारी_तुकडा, स्केटिंगमध्ये पुढे जायचं बळ सगळं मांडी आणि बुडातून येतं. गुडघा जितका खोल वाकेल तितका धक्का लांब. सरळ पायाने उभा राहिलास की कोणीही खांद्याने उडवून देईल. म्हणजे पूर्ण मॅचभर अर्ध्या बैठकीतच असतोस. मी स्वतः एकदा रिंकवर गेलो होतो, दहा मिनिटांत मांड्या थरथरायला लागल्या आणि एका सहा वर्षांच्या मुलीने मला हात धरून कडेला आणून सोडलं.

@चष्मिष्ट, एका वेळी बर्फावर प्रत्येकी पाच आणि एक गोली. वीस मिनिटांचे तीन भाग. बदली खेळाडू चालू खेळातच आत बाहेर करतात, एक जण सलग पाऊण मिनिट खेळला की हाशहुश करत बाकावर, दुसरा आत. गोल मारला की एक पॉइंट, आणि गोलच्या आधी ज्यांनी पास दिला त्यातल्या शेवटच्या दोघांपर्यंत प्रत्येकी एक पॉइंट. त्यामुळे तिथे खेळाडूची किंमत गोलवर नाही पॉइंटवर करतात, पास देणाऱ्यालाही तितकाच मान.

आता पुढचं. त्या काळात चेक खेळाडूला एनएचएल (अमेरिका कॅनडातली मोठी लीग) मध्ये जायचं तर पळून जावं लागे. खरंच पळून. जानेवारी १९८९ मध्ये पेत्र नेद्वेद नावाचा सतरा वर्षांचा पोरगा कॅलगरीला टूर्नामेंटला गेला आणि रात्री पोलीस स्टेशनात जाऊन म्हणाला मला परत जायचं नाही. घरच्यांना आता कधी भेटणार माहीत नाही. यागर त्याच्याच बरोबरीचा. पण नोव्हेंबर १९८९ मध्ये प्रागच्या रस्त्यांवर लोक उतरले, किल्ल्यांचे जुडगे वाजवत, आणि काही आठवड्यांत सरकार गेलं. दहा महिन्यांचा फरक! एकाला रात्री पोलीस स्टेशन गाठावं लागलं आणि दुसरा जून १९९० मध्ये राजरोस विमानाने व्हॅन्कूव्हरला ड्राफ्टला हजर राहिला. पळून न जाता, सरकारी परवानगीने ड्राफ्टला आलेला पहिला चेकोस्लोव्हाक खेळाडू.

ड्राफ्ट म्हणजे टीम्स पाळीपाळीने नवीन पोरं निवडतात, गेल्या वर्षी जी टीम तळाला तिला आधी चान्स. पहिला ओवेन नोलन, दुसरा तोच नेद्वेद, मग कीथ प्रिमो, माइक रिची, आणि पाचवा यागर, पिट्सबर्ग पेंग्विन्सकडे. त्याच्या मनात पिट्सबर्गच होतं कारण तिथे मारिओ लेम्यू खेळायचा, याचं दैवत. आधीच्या चार टीम्सना त्याने सांगितलं की मी इतक्यात येणार नाही, आणि पिट्सबर्गने विचारल्यावर म्हणाला उद्या येतो. असं सांगतात. अठरा वर्षांच्या पोराच्या मानाने डोकं बरंच चालतंय.

---

आळशी_मांजर

म्हणजे आपल्याकडे कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात नको असलेल्या स्थळाला "मुलीला अजून शिकायचंय" सांगतात तसं 😂 (धागाकर्त्याच्या आयडीला अनुसरून)

---

पिट्सबर्गकर

अरे वा, आमच्या गावचा विषय आणि मीच झोपलोय! १९९८ पासून इथे आहे, पेन हिल्सच्या बालाजी मंदिराच्या पार्किंगमध्ये मी पहिल्यांदा यागरची जर्सी बघितली, एका तेलुगू काकांच्या अंगावर, खाली धोतर.

पहिल्या सीझनची गोष्ट मी सांगतो, इथल्या जुन्या लोकांकडून इतक्यांदा ऐकलीये की पाठ झालीये. पोरगा आला लेम्यूबरोबर खेळायला, आणि लेम्यूच्या पाठीचं ऑपरेशन, सीझनमधल्या ८० पैकी २६ मॅच फक्त खेळला तो. इंग्रजीचा गंध नाही. एका चेक कुटुंबाकडे राहायची सोय केली होती. तरी घरची आठवण. चेहरा उतरला, गोल आटले. मग डिसेंबरमध्ये पेंग्विन्सने कॅलगरीहून यिरी हर्दिना नावाचा तिशी ओलांडलेला चेक खेळाडू आणला, आणला म्हणजे मुख्यतः पोराशी बोलायला कोणीतरी हवं म्हणून. एवढ्या मोठ्या लीगमध्ये एका पोराच्या एकटेपणासाठी माणूस ट्रेड करून आणला! मला ही गोष्ट कुठल्याही गोलपेक्षा जास्त आवडते. ९६ ला मी शिकागोला आलो होतो तेव्हा सहा महिने कोणाशी मराठीत बोललो नव्हतो, मग लाँड्रीत एक नागपूरचा भेटला, त्या दिवशी आम्ही वॉशिंग मशिन बंद होऊनही दोन तास तिथेच उभे.

पहिल्या सीझनला २७ गोल, ५७ पॉइंट. मे १९९१ ला स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद. पुढच्या वर्षी परत. वीस वर्षांचा व्हायच्या आसपास दोन कप. इंग्रजी सुधारावं म्हणून रेडिओवर हवामानाचा अंदाज सांगायचा, बायाबापड्या ऐकत बसायच्या.

आणि हो, केस. मागे मानेवर रुळणारे, पुढे कमी. तसले केस ठेवणारी पोरं आजही या गावात सापडतील.

---

चष्मिष्ट

यागरचा ९२ चा तो गाजलेला गोल युट्यूबवर बघितला आत्ता. शिकागोविरुद्ध फायनलची पहिली मॅच. अहो हे काय आहे?? एकाला चकवलं, दुसऱ्याला, परत पहिला आला त्याला, मग सगळ्यांच्या मधून वाट काढून उलट्या हाताने आत. तीनदा बघितला तरी पक कुठे होता ते कळलं नाही.

---

पिट्सबर्गकर

तोच तो. १-४ ने मागे होते, या गोलने ४-४ झाले, आणि मॅच संपायला १३ सेकंद असताना लेम्यूने पाचवा मारला. मग सिरीज ४-० ने खिशात. गंमत म्हणजे यारोमीर या नावाची इंग्रजी अक्षरं हलवून मांडली की "मारिओ ज्युनियर" होतं, ज्युनियर आखूड लिहितात तसं. लोकांना तेव्हा दैवी योजना वाटायची ही.

---

हिवरेकाका

धागा चांगला आहे पण सगळे आरती ओवाळताय म्हणून दुसरी बाजू. याच पिट्सबर्गमध्ये लोकांनी त्याला हुर्यो केलेली आहे, वर्षानुवर्षं. २००१ ला वॉशिंग्टनला गेला, पैसा भरपूर, सात वर्षांचं ७ कोटी ७० लाख डॉलरचं कॉन्ट्रॅक्ट, आणि तिथे जे खेळला ते त्या पैशाच्या मानाने काहीच नव्हतं. तोंड पाडून खेळायचा असं तिथले लोक म्हणतात. मग २०११ मध्ये रशियातून परत येताना सगळ्यांना वाटलं पिट्सबर्गला येणार, आणि गेला कुठे, फिलाडेल्फिया! म्हणजे मोहन बागानवरून ईस्ट बंगालला.

---

पिट्सबर्गकर

काका बरोबर, मीही हुर्यो करणाऱ्यात होतो, खोटं कशाला बोलू. पण २००१ ला त्याला विकला तो टीमनेच, टीमकडे पैसेच नव्हते, १९९८ ला दिवाळखोरी झाली होती आणि लेम्यूने आपला थकलेला पगार मालकीत बदलून टीम वाचवली होती. आणि त्याआधी हा काय होता ते बघा. ९५-९६ ला १४९ पॉइंट. लीगमध्ये सगळ्यात जास्त पॉइंटचं बक्षीस पाच वेळा, त्यात ९८ ते २००१ सलग चार. ९९ ला सर्वोत्तम खेळाडू. आणि वॉशिंग्टननंतर न्यूयॉर्कला जाऊन २००५-०६ ला ५४ गोल मारलेच की. वॉशिंग्टनचं मला कधीच नीट उमगलं नाही, काही माणसं काही गावात रुजत नाहीत, बस.

---

गोदाकाठ

म्हणजे जगात सगळ्यात जास्त गोल याचेच का?

---

कांदेपोहे_प्रागवाला

नाही. गोलमध्ये पुढे ओवेचकिन, ग्रेट्स्की आणि गॉर्डी हाव, मग हा, ७६६ वर. पॉइंटमध्ये दुसरा, १९२१. पहिला ग्रेट्स्की २८५७. म्हणजे पहिला इतका लांब आहे की दुसरा असणं हेच माणसांमधलं पहिलं. आणि हेही लक्षात घ्या की २००८ ते २०११ तीन वर्षं हा रशियात ओम्स्कला खेळत होता, ती वर्षं या हिशोबात नाहीतच.

ओम्स्कची एक गोष्ट सांगायला नको वाटते पण सांगतो. ऑक्टोबर २००८, बाकावर याच्या शेजारी अलेक्सेई चेरेपानोव्ह बसला होता, १९ वर्षांचा, नुकतेच दोघं एकत्र खेळून बाहेर आलेले. बसल्या बसल्या कोसळला. हृदय. गेला. यागर पुढे कितीतरी वर्षं त्याचं नाव काढायचा.

चेक लोकांसाठी मात्र एनएचएलचे आकडे वगैरे नंतर. त्यांच्यासाठी नागानो १९९८. ऑलिंपिक. सेमीफायनलला कॅनडाला शूटआउटमध्ये हरवलं (यागरचा पक खांबाला लागला होता, त्यातही), फायनलला रशियाला १-०. रशियाला! ६८ पाठीवर लावून! माझा ऑफिसातला मित्र तेव्हा नऊ वर्षांचा, जपानची वेळ म्हणून पहाटे उठून वडिलांच्या मांडीवर बसून बघितलं, म्हणतो बाबांना रडताना तेव्हा एकदाच बघितलंय. आमच्या ८३ च्या वर्ल्डकपच्या गोष्टी असतात तशा यांच्याकडे घराघरात नागानोच्या.

---

गोदाकाठ

धन्यवाद. अवांतर: आपलं कोणी आहे का या खेळात?

---

चष्मिष्ट

एनएचएलमधला भारतीय वंशाचा पहिला खेळाडू रॉबिन बावा, कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाचा पंजाबी, १९८९-९० ला वॉशिंग्टनकडून. आता अर्शदीप बैन्स आहे, तोही तिकडचाच. मराठी अजून कोणी दिसला नाही. आणि देशात म्हणाल तर लडाख. भावाची पोस्टिंग लेहला होती, जानेवारीत करझू तलाव गोठला की दिवसभर तिथे पोरं पोरी हॉकी खेळत असतात, आर्मी आणि आयटीबीपीच्या टीम्स पण. आमची पुण्याची पोरं मॉलमधल्या रिंकवर प्लास्टिकच्या पेंग्विनला धरून घसरतात, तेवढंच.

---

आळशी_मांजर

पण मला एक सांगा, पन्नाशी झाल्यावर का खेळायचं? बाकीचे कॉमेंट्री करतात, अकॅडमी काढतात, राजकारणात जातात. हौस?

---

कांदेपोहे_प्रागवाला

थोडी हौस, थोडी अडचण. २०११ मध्ये क्लाद्नो क्लब त्याने आपल्या ताब्यात घेतला. गाव गरीब, क्लब सतत पैशाच्या ओढाताणीत. त्याने स्वतःच सांगितलंय की मी खेळतो म्हणून स्पॉन्सर येतात, मी थांबलो तर तेही थांबतील. २०१८ ला कॅलगरीहून परत आला तो इथेच. २०१९ मध्ये वरच्या लीगमध्ये परत जायच्या लढतीत एका मॅचला चार गोल मारले, वय ४७. पुढच्याच वर्षी टीम परत खाली, २०२१ ला परत वर.

आणि रात्रीची प्रॅक्टिस. हे त्याचं जुनं वेड आहे, अमेरिकेतही करायचा. सगळे घरी गेले की मध्यरात्री अंगावर वजनं बांधून एकटाच रिंकवर. त्या वयात दिवसा पोरांइतकं पळवत नाही तर रात्री भरून काढायचं. म्हणून म्हटलं मी सुरुवातीला जागर म्हणायचो ते अगदीच चूक नव्हतं.

---

हिवरेकाका

आजोबा जमीन सोडेनात, नातू रिंक सोडेना. घ्या, माझी हुर्यो मागे.

---

पिट्सबर्गकर

आमचीही गेली. १८ फेब्रुवारी २०२४, पेंग्विन्सनी ६८ नंबर निवृत्त केला, म्हणजे आता तो नंबर तिथे कोणालाच नाही. क्लबच्या इतिहासात असा तिसराच, आधी ब्रिएर आणि लेम्यू. मॅचआधी वॉर्मअपला टीममधले क्रॉस्बी, माल्किन सगळेच्या सगळे ६८ ची जर्सी आणि मागे लांब केसांचे टोप घालून आले. आणि त्यांच्यातच हा, बावन्न वर्षांचा, खराखुरा, घसरत फिरतोय. माझ्या मुलाला शेवटपर्यंत कळेना की टोपवाल्यांमधला खरा कोणता. मी म्हटलं जो सगळ्यात खाली वाकलाय तो.

अजून एक, त्याच्या डोकं हलणाऱ्या बाहुल्या प्रेक्षकांना वाटायच्या होत्या त्या पुढच्या महिन्यात, तर अख्खा माल कॅलिफोर्नियात चोरीला गेला. मॅचला गेलेल्यांना हातात बाहुलीऐवजी कूपन.

---

सातारी_तुकडा

धागा वाचून परवापासून भाच्याने बैठका चालू केल्यात, हजार नाही, दीडशे. आज सकाळी जिना उतरता येईना, एक एक पायरी बसून उतरला. आई ओरडतेय की कुणाचं काय वाचून दाखवलंस पोराला.

---

कांदेपोहे_प्रागवाला

कोमट पाण्याने शेक आणि एक दिवस सुट्टी, मग पन्नासपासून. आणि आईला सांग चेक आहे, रेगनवाला.